बटाट्याची वसंत लागवड (हिमतुषाराच्या दिवसातली)

हिवाळा सरत आलाय पण पहाटेचं दव अजून गोठू शकतं, अशा दिवसात बटाट्याचं बेणं जमिनीत घालायची पद्धत. मुळात थंड मुलखातली. आयर्लंडमध्ये १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिवस किंवा गुड फ्रायडे हा मुहूर्त धरायची जुनी रीत आहे, हिमाचलात मधल्या उंचीवर जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, अजून वर गेलं की एप्रिल-मे. नाशिककडे बटाटा लागतो तो मुख्यतः रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि कांदा-द्राक्षापुढे त्याचं क्षेत्र तसं थोडंच.

बटाटा भारतात नेमका कधी आला यावर एकमत नाही. पोर्तुगीजांनी साधारण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आणला असं बहुतेक जण धरतात, आणि त्याला पुरावा म्हणून मुघल दरबारातल्या आसफखानाने थॉमस रो या इंग्रज राजदूताला दिलेल्या मेजवानीचं वर्णन पुढे करतात, ते रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहिलंय आणि त्यात पोटॅटो हा शब्द येतो. साल बऱ्याच ठिकाणी १६१५ छापलेलं दिसतं, पण टेरी सुरतेला उतरला तोच १६१६ मध्ये, त्यामुळे हे साल जपूनच घ्यावं. शिवाय त्या काळी इंग्रज लोक पोटॅटो रताळ्यालाही म्हणायचे, म्हणून मेजवानीतला तो पदार्थ रताळंच असावं हे मत जास्त पटतं. आपला बटाटा हा शब्द पोर्तुगीज बटाटावरून आलाय आणि तोही मूळचा कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्याचा. म्हणजे घोळ नावापासूनच आहे. पिकाचं मूळ घर मात्र दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, तिथले शेतकरी आजही कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठवतात, दिवसा तुडवून पाणी काढतात आणि वाळवून वर्षानुवर्षं टिकणारा चुन्यो करतात, म्हणजे ज्या हिमाला आपण घाबरतो तेच त्यांच्या कामाचं.

हिमतुषार हा शब्द पुस्तकातला, शेतात म्हणतात दव गोठलं किंवा पाला करपला. रात्र निरभ्र असली आणि वारा पडलेला असला की जमीन उष्णता भराभर सोडते, गार हवा जड म्हणून खोलगट रानात साचते. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो, जमिनीलगत पारा त्याहून ३-४ अंशांनी खाली असू शकतो, म्हणून निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ३-४ अंशांची नोंद झाली तरी पानावर बर्फ दिसतो. नाशिकची आजवरची नीचांकी नोंद ०.६ अंश, जानेवारी १९४५ ची.

बटाट्याचा पाला साधारण उणे १-२ अंशांना मरतो. सकाळी पान काचेसारखं, ओलसर गडद हिरवं दिसतं, ऊन चढलं की उकडलेल्या पालकासारखं लोळागोळा होऊन काळं पडतं. बघून हाय खाऊ नये. मातीखालच्या खोडाच्या पेरांतून नवे कोंब फुटतात, पीक दोन-तीन आठवडे मागे पडतं एवढंच. बेणं ४-५ इंच खोल असलं तर त्याला हिमाची तशी भीती नाही, खरी भीती गार आणि ओल्या मातीची. माती ७-८ अंशांच्या खाली असली की कोंब हलत नाही, आणि कापलेली फोड तोवर सडून जाते. म्हणून तारीख बघण्यापेक्षा सकाळी मातीत हात किंवा थर्मामीटर घालून बघावं, हे जास्त भरवशाचं.

बेणं कोल्ड स्टोरेजमधून आणलं की लगेच लावू नये, ८-१० दिवस सावलीत, थोड्या उजेडात पसरून ठेवावं. त्याने कोंब आखूड, जाड आणि जांभळट हिरवे येतात. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात. थंडीत शक्यतो ३०-४० ग्रॅमचा अख्खा बटाटा लावावा, कापायचाच असेल तर प्रत्येक फोडीवर दोन तरी डोळे ठेवून कापलेली बाजू सुकू द्यावी. कोंब वर आले आणि रात्र कडाक्याची वाटली तर सरीतली माती ओढून कोंब झाकतात, किंवा संध्याकाळी हलकं पाणी देतात, कारण ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करून धूर करतात तो उपाय बटाट्यालाही करतात, पण वारा असला की धूर टिकत नाही. हिमाला तग धरणारं वाण म्हणून कुफरी शीतमान काढलं गेलं होतं. नावातलं कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, १९४९ ला पाटण्यात सुरू झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था पुढे सिमल्याला गेली तिथून कुफरीने सुरू होणारी वाणांची नावं आली.

नाशिकला जानेवारीच्या शेवटी लावायचं म्हटलं तर हिमापेक्षा उन्हाची घाई मोठी. बटाटा पोसायला रात्री १७-२० अंशांच्या आसपास तापमान लागतं, तापमान ३० च्या वर गेलं की पोसणं जवळपास थांबतं, आणि इकडे मार्चमध्येच दुपार ३५ कडे जाते. त्यामुळे ही लागवड इथे परसात किंवा गच्चीवरच्या गोणीतच जमते, तीही लवकर येणाऱ्या वाणाची आणि दुपारच्या सावलीची सोय असेल तर.