क्वेसारांचे गुरुत्वीय भिंग व कृष्णद्रव्य

दूरच्या क्वेसाराचा, म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातील अतितेजस्वी उगमाचा, प्रकाश वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे वळतो आणि त्या एकाच क्वेसाराच्या बहुधा दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. प्रकाश किती वळेल हे वस्तुमानावर ठरते. ते वस्तुमान प्रकाशमान असो वा नसो. म्हणूनच कृष्णद्रव्याच्या, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या अदृश्य द्रव्याच्या, अभ्यासात या प्रतिमांना मोठे मोल आहे.

दीर्घिका भिंगासारख्या वागतील, असे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मध्ये सुचवले होते. पहिले उदाहरण, क्यू ०९५७+५६१, १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल व वेमन यांना आढळले. त्याच्या दोन प्रतिमांत सुमारे ६ विकलांचे अंतर आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग).

प्रतिमांची स्थाने दीर्घिकेच्या सलग, गुळगुळीत वस्तुमान-वितरणावरून सामान्यतः जुळतात, तेजस्विता मात्र पुष्कळदा जुळत नाही. तीन प्रतिमा अगदी जवळजवळ आल्या, तर मधलीची तेजस्विता बाजूच्या दोघींच्या बेरजेइतकी असावी, असे गणित सांगते. बी १४२२+२३१ या भिंगात हे गणित चुकते. माओ व श्नायडर यांनी १९९८ मध्ये त्याचे कारण दीर्घिकेतील लहान वस्तुमान-पुंजांत शोधले. पुढे दलाल व कोचानेक यांनी २००२ मध्ये सात रेडिओ भिंगांवरून दीर्घिकेच्या वस्तुमानात अशा पुंजांचा वाटा सुमारे २ टक्के काढला. त्यांनी दिलेली मर्यादा ०.६ ते ७ टक्के अशी रुंद आहे, हे विसरू नये.

हे पुंज कृष्णद्रव्याचेच, याविषयी मतभेद आहेत. दीर्घिकेतील ताऱ्यांमुळेही तेजस्विता बदलते. पण हा परिणाम क्वेसाराच्या लहानशा दृश्य-प्रकाश उगमावर जाणवतो, विस्तृत रेडिओ किंवा मध्य-अवरक्त उगमावर जवळजवळ नाही. बी १५५५+३७५ या भिंगात दीर्घिकेची कडेने दिसणारी ताऱ्यांची तबकडी हे कारण पुरेसे ठरू शकते. शिवाय दीर्घिकेबाहेर, दृष्टिरेषेवर विखुरलेली प्रभामंडले, म्हणजे कृष्णद्रव्याचे पुंज, हीही भर घालतात. तबकडीचे स्पष्टीकरण काही भिंगांपुरतेच लागू पडते. त्यामुळे दीर्घिकेतील व दृष्टिरेषेवरील प्रभामंडले एकत्र विचारात घेणारे विश्लेषण अधिक ग्राह्य दिसते.

कृष्णद्रव्याचे कण ‘उबदार’, म्हणजे हलके व वेगवान असतील, तर लहान प्रभामंडले कमी बनतात. चार प्रतिमांच्या आठ भिंगांच्या २०२० मधील विश्लेषणाने अशा कणाचे वस्तुमान सुमारे ५.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (कणांचे वस्तुमान सांगण्याचे ऊर्जेचे एकक) कमी नसावे, अशी मर्यादा घातली. मोठ्या दीर्घिकेच्या ओढीने तिच्यातील लहान प्रभामंडले (उपप्रभामंडले) किती झिजतात याविषयीच्या गृहीतकांवर ही मर्यादा काही अंशी अवलंबून आहे. जेम्स वेब दुर्बीण आता क्वेसाराभोवतीच्या उष्ण धुळीचा मध्य-अवरक्त प्रकाश मोजते. तो उगम ताऱ्यांच्या परिणामाला दाद न देण्याइतका विस्तृत असतो.