बाळसं आपोआप उतरतं का?

“बाळ जितकं गुटगुटीत तितकं निरोगी, चालायला लागलं की बाळसं उतरतंच.” बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

यात अर्धं खरं आहे. पहिल्या वर्षानंतर बहुतेक मुलं सडसडीत होत जातात, पण सगळी नाही. पहिल्या 2 वर्षांत वजन फार झपाट्याने वाढलं तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. गरोदरपणात आईला साखर असणं, बाटली संपेपर्यंत दूध पाजणं, यांचाही त्यात वाटा असतो.

तपासायचं कसं? जन्माचं वजन साधारण 5 महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट होतं. 3 किलोचं बाळ वर्षाला 9 किलोच्या आसपास. अंगणवाडीत कपडे काढून वजन करा आणि, हे हमखास राहून जातं, झोपवून लांबीही मोजा. नुसत्या वजनाने फसगत होते, कारण लांब बाळ जड असणारच. दर महिन्याचे ठिपके वाढीच्या तक्त्यावर जोडा. ही रेघ तक्त्यावर छापलेल्या वरच्या रेषा ओलांडत चालली तर डॉक्टरांना दाखवा. दूध मात्र आपल्या मनाने तोडू नका.

6 महिने फक्त अंगावरचं दूध, मग त्यासोबत मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व. बोटाने कुंदा (दुधाची गोड मिठाई) चाटवणं 2 वर्षांपर्यंत नकोच. बाळाने तोंड फिरवलं की वाटी बाजूला ठेवा.