रेंज नसताना जीपीएस, कॉल लागत नसताना एसएमएस

डोंगरात रेंज गेली की बरोबरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "आता जीपीएसही गेलं." हा समज इतका घट्ट बसला आहे की नेमक्या गरजेच्या वेळी लोक फोन खिशात टाकून मोकळे होतात. जीपीएसला टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. रेंज गेल्यावर कोरा पडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. आपण कुठे आहोत हे फोनला तेव्हाही कळत असतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि सतत दोनच गोष्टी सांगत राहतात: मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत. फोन फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. हा संकेत आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. त्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहापासूनचं अंतर मिळतं. तीन अंतरांवरून जागा ठरायला हवी, पण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार समीकरणांतून अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या घड्याळाची चूक अशा चारही गोष्टी एकदम सुटतात. मला यातली ही युक्ती सगळ्यात सुंदर वाटते. महागडं घड्याळ खिशात बाळगायची गरजच तिने संपवली.

रेंजचा संबंध येतो तो वेगळ्या ठिकाणी. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो आणि ती पूर्ण यायला किमान १८ ते ३० सेकंद लागतात. झाडीत किंवा घळीत मधला तुकडा हुकला तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. रेंज असते तेव्हा हीच माहिती फोन इंटरनेटवरून क्षणात घेतो, म्हणून शहरात ठिपका लगेच दिसतो. पायथ्याच्या गावात रेंज असतानाच जीपीएस चालू करून ठेवलं तर पुढचे काही तास वर पटकन जागा मिळते. नाही मिळाली तर कड्यापासून लांब, मोकळ्या पठारावर जाऊन दोन-तीन मिनिटं स्वस्थ थांबावं. कातळावर आपटून आलेला संकेत लांबचा रस्ता घेऊन येतो आणि ठिपका भलतीकडे दाखवतो.

पण आपण कुठे आहोत हे आपल्यालाच कळून काय उपयोग? ते दुसऱ्याला कळवायला हवं, आणि तिथे जीपीएस मुकं आहे. आधी ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावून पाहावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल लागू शकतो. तोही लागत नसेल, रेंजची एखादी काडी येतजात असेल, तर एसएमएस.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. आज बँकेच्या ओटीपीपुरतं त्याचं नाव उरलंय, तरी अडचणीच्या जागी त्याच्याइतकं भरवशाचं साधन फोनमध्ये दुसरं नाही. कॉलला दोन्ही टोकांमधला दुवा बोलणं संपेपर्यंत टिकावा लागतो. एसएमएसला काही सेकंदांची फट पुरते. समोरच्याचा फोन बंद असला तर संदेश टपाल कचेरीत थांबावं तसा कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि फोन चालू झाला की पोचतो. मात्र आपल्या फोनमधूनच तो गेला नसेल तर पुष्कळ फोन स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाहीत. 'पाठवता आला नाही' अशी खूण दिसली की जरा उंचवट्यावर जाऊन पुन्हा पाठवायचा.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'मदत हवी आहे' ही आपल्या लेखी सात अक्षरं, पण फोन मोकळ्या जागा धरून अकरा मोजतो. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी अख्ख्या संदेशाला ७० चीच मर्यादा लागते. लांब संदेशाचे तुकडे होतात आणि रेंज डळमळीत असताना त्यातला एखादा तुकडा वाटेत राहू शकतो. म्हणून मराठीत जरूर लिहावं, पण थोडक्यात: जागा, माणसं किती, कुणाला काय लागलंय, इथेच थांबतोय का.

खरा घोटाळा होतो तो जागा लिहिताना. कळसूबाईचं शिखर साधारण १९ अंश ३६ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ४३ मिनिटं पूर्व असं आहे. घाईत कुणी ते १९.३६, ७३.४३ असं लिहिलं तर? एका अंशात ६० मिनिटं असतात, १०० नव्हे. दशांशात हीच जागा १९.६०, ७३.७२ अशी येते. चुकीच्या आकड्यांवर निघालेली मंडळी सुमारे ४० किलोमीटर नैर्ऋत्येला, शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात शोधत बसतील. तेव्हा नकाशाच्या ॲपमध्ये दशांशातले आकडे दिसतात तेच घ्यावेत, इंग्रजी अंकांत लिहावेत आणि दशांशानंतर किमान चार अंक ठेवावेत. चौथ्या अंकातला एकाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर. दोनच अंक लिहिले तर चूक अर्ध्या किलोमीटरच्या वर जाऊ शकते, आणि सह्याद्रीत तेवढ्यात मधे एखादी दरी येते.

हे काम माणसाने घाबरलेल्या अवस्थेत हाताने का करावं, हा प्रश्न ब्रिटनमध्ये विचारला गेला. तिथे २०१४ पासून अशी सोय आली की आपत्कालीन क्रमांक लावताच फोन स्वतः जागा शोधतो आणि बोलणं चालू असतानाच ती गुपचूप एसएमएसने नियंत्रण कक्षाला पाठवतो.

समुद्रावर मात्र एसएमएसही हात टेकतो. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरच्या पुढे मोबाईलची रेंज साधारणपणे संपते आणि आपले ट्रॉलर त्याच्या कितीतरी पुढे जातात. २०१७ मध्ये ओखी वादळ उठलं तेव्हा आधीच खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना इशारा पोचवायला मार्ग नव्हता. केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी बोटी तेव्हा देवगड बंदराच्या आसऱ्याला आल्या. २०१९ मध्ये 'जेमिनी' हे छोटं यंत्र आलं. ते गगन या भारतीय दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहांकडून वादळाचा इशारा घेतं आणि ब्लूटूथने तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, मोबाईलवर दाखवतं. पण ते फक्त ऐकतं, बोटीवरून बंदराला काही कळवता येत नाही. ती उणीव इस्रोने बनवलेल्या ट्रान्सपाँडरने भरून निघते: बोटीची जागा उपग्रहामार्फत किनाऱ्यावर दिसते आणि संदेश दोन्ही दिशांनी जातो. देशभरातल्या एक लाख बोटींवर ते बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली.