लडाखसाठी नकाशा कोणता घ्यावा?

मनालीहून लेहकडे जाताना सरचूचे पठार मागे पडले की गाटा लूप्स नावाची एकवीस वळणे लागतात. एकाच डोंगरउतारावर रस्ता एकवीस वेळा उलटा फिरतो आणि गाडी सुमारे साडेचारशे मीटर वर चढते. हा चढ १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर काढायचा झाला, तर नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीचशे मीटर. रस्ता दाखवणारी लाल रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी ती एकटी रेघच जमिनीवरील सव्वाशे मीटरांची पट्टी झाकून टाकते. एकाखाली एक असलेली एकवीस वळणे त्या जागेत मावणे शक्यच नसते, म्हणून नकाशा करणारा तिथे चार-पाच वळणांची वेडीवाकडी रेघ काढतो आणि पुढे जातो. यात त्याची चूक नाही. नकाशाशास्त्रात याला सामान्यीकरण म्हणतात, आणि ते केल्याशिवाय कोणताही नकाशा वाचता येणार नाही. मात्र दोरा घेऊन त्या रेघेवरून अंतर मोजणाऱ्या प्रवाशाला त्याचा फटका बसतो. सपाट प्रदेशात असे मोजलेले अंतर खऱ्या अंतराच्या बरेच जवळ येते, घाटात ते हमखास कमी भरते. आणि बाजारात मिळणाऱ्या देशभराच्या रोड ॲटलासचे प्रमाण याहून कितीतरी लहान असल्याने तिथे ही तूट आणखी वाढते.

दुर्गम भागासाठी चांगला नकाशा कोणता, असे विचारणाऱ्याला एकच नाव सांगता येत नाही, याचे हे पहिले कारण आहे. प्रत्येक नकाशा कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेला असतो. लडाख, झांस्कर आणि स्पीती या भागांत, म्हणजे महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मोटारसायकली आणि गाड्या जातात त्या भागांत, ही तिन्ही उत्तरे माहीत असल्याखेरीज नकाशावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांपासून करू. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके, ज्यांना आपले डोंगरभटके सरळ टोपोशीट म्हणतात, सह्याद्रीतल्या घाटवाटा शोधणाऱ्यांच्या पाठपिशवीत अनेक वर्षे आहेत. त्यांच्या क्रमांकांची पद्धत एकदा समजली की कधी विसरत नाही. चार अंश बाय चार अंशांच्या मोठ्या चौकोनाला एक आकडा, त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग ए ते पी या अक्षरांनी, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग. पुणे शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ मध्ये येतो. त्याच हिशेबाने लेह शहर ५२ एफ/१२ मध्ये पडते. या पत्रकावर पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पाऊलवाट यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. त्या खुणांची सूची समासात छापलेली असते, आणि त्याच समासात सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले तेही लिहिलेले असते. पत्रक हातात घेतले की आधी ते वर्ष पाहावे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी खुली मालिका निघाली आणि पुढे तिची बरीच पत्रके संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागली; परंतु सीमेलगतच्या प्रदेशांची पत्रके सुरक्षेच्या कारणास्तव दीर्घकाळ सर्वसामान्यांना मिळत नव्हती, आणि लडाखचा मोठा भाग नेमका तसाच आहे.

वर्ष का पाहायचे, ते झांस्करकडे पाहिले की कळते. निम्मू–पदुम–दारचा हा सुमारे २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडून पूर्ण केला. त्याच्या बऱ्याच आधीच्या नकाशावर पदुमच्या दक्षिणेला शिंकू ला खिंडीतून ठिपक्यांची पाऊलवाट दिसेल आणि उत्तरेला झांस्कर नदीच्या घळीत रस्त्याची खूणच नसेल. तो नकाशा आपल्या काळापुरता अचूकच होता. उलट बाजूने पाहिले, तर घाईने अद्ययावत केलेल्या एखाद्या नकाशावर हा सगळा मार्ग एकाच जाडीच्या रेघेने दाखवलेला असतो आणि तो पाहणाऱ्याला वाटते की सगळीकडे सारखेच डांबर असेल. जुन्या नकाशात रस्ता सापडत नाही तेव्हा माणूस निदान चौकशी करतो. नव्या नकाशातली सरसकट रेघ त्याला चौकशीही करू देत नाही, म्हणून मला ती अधिक धोक्याची वाटते.

सरकारी पत्रके मिळत नाहीत तिथे हिमालयात फिरणारे लोक दोन जुन्या लष्करी मालिकांचा आधार घेत आले आहेत. पहिली अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची यू ५०२ ही १:२,५०,००० प्रमाणाची मालिका. १९५०च्या दशकात ती बरीचशी ब्रिटिशकालीन भारतीय सर्वेक्षणावरूनच रचली गेली आणि आज टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. तिच्यातील रस्ते आता इतिहासजमा झाले आहेत, पण दऱ्या, कडे आणि खिंडी जागच्या जागी आहेत. दुसरी मालिका सोव्हिएत लष्कराची. ती रशियन लिपीत असल्यामुळे आधी अक्षरे ओळखायला शिकावे लागते, पण ते कष्ट वाया जात नाहीत. त्या नकाशांत पुलाशेजारी एक छोटा अपूर्णांक लिहिलेला असतो: पूल कशाचा आहे, किती लांब आणि रुंद आहे आणि किती टनांचा भार पेलतो. नदी पुलाविना ओलांडता येते त्या जागी पाण्याची खोली आणि तळ वाळूचा आहे की दगडांचा, हेही असते. रणगाडे पुढे नेता यावेत म्हणून गोळा केलेली ही माहिती आहे. मध्य आशियातील पामीरच्या रस्त्यांवर जाणारे प्रवासी आजही हीच पत्रके पाहतात, कारण त्या तोडीचा तपशील दुसरीकडे सहज मिळत नाही.

जुने पत्रक आणि मोबाइलमधील जीपीएस एकत्र वापरताना मात्र एक अडचण येते, आणि तिचे मूळ पृथ्वीच्या आकारात आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणून नकाशासाठी तिचा एक गणिती आकार गृहीत धरावा लागतो. भारतीय सर्वेक्षणाने जो आकार धरला, तो विभागाचे एकेकाळचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेला. त्यात विषुववृत्तावरील त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर आहे. जीपीएस जो आकार वापरते, त्यात ती ६३,७८,१३७ मीटर आहे, म्हणजे आठशेहून अधिक मीटरांनी जास्त. शिवाय पहिला आकार भारतीय उपखंडावर नीट बसावा अशा बेताने ठेवलेला, तर दुसऱ्याचा मध्य पृथ्वीच्या गुरुत्वमध्यावर. परिणामी एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन पद्धतींत वेगळे येतात. लडाखमध्ये हा फरक जमिनीवर शंभर-दीडशे मीटरांच्या घरात जातो. १:५०,००० च्या पत्रकावर तो दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाने केलेल्या एका ठिपक्याएवढा दिसेल. पण झांस्करच्या घळीत तेवढ्यावरून तुम्ही नदीच्या पलीकडच्या काठावर उभे असल्याचे नकाशा सांगेल, आणि पूल तीस किलोमीटर मागे असू शकतो. खुल्या मालिकेची नवी पत्रके जीपीएसच्याच आकारावर बेतलेली आहेत. जुने पत्रक असेल, तर मोबाइलमधील ॲपमध्ये त्या पत्रकाचा गणिती आकार (ॲपच्या भाषेत डेटम) निवडावा किंवा एखाद्या पुलासारख्या ठाम खुणेपाशी थांबून दोहोंतला फरक स्वतः मोजून ठेवावा.

उंचीची गोष्ट तर याहून रंजक आहे. १८७४ साली सर्वेक्षण विभागाचे गुप्त सर्वेक्षक पंडित नैनसिंग रावत लेहहून ल्हासाला पायी निघाले. त्याआधीच्या मोहिमांपासून त्यांच्या हातात जपमाळ असे, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी होते: दर शंभर पावलांना एक मणी पुढे, म्हणजे पूर्ण माळ झाली की दहा हजार पावले. उंचीसाठी ते पाणी उकळून त्यात तापमापक धरीत, कारण वर चढू तसतसे हवेचा दाब घटतो आणि दर तीनशे मीटरांना पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येतो. आज मोबाइलवरील बहुतेक नकाशांतील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वेगळ्याच मार्गाने आलेल्या आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने जमिनीची उंची मोजली. एक अँटेना यानात आणि दुसरी साठ मीटर लांब दांडीच्या टोकाला होती. आवाज कुठून आला हे जसे दोन कानांमुळे कळते, तसे एकच परत आलेली लहर दोन ठिकाणी टिपून तिच्यातील सूक्ष्म फरकावरून उंची काढली गेली. साठ अंश उत्तर ते छप्पन्न अंश दक्षिण एवढा पट्टा त्यात मोजला गेला.

या मोजणीने एक जुना आकडा मोडीत काढला. लेहच्या उत्तरेला असलेल्या खारदुंग ला खिंडीतील पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते आणि हजारो प्रवाशांनी त्या पाटीशेजारी छायाचित्रे काढून घेतली. जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट येते, आणि अवकाशातील रडारची मोजणीही तिच्याशीच जुळते. फरक आठशे फुटांचा आहे. विरळ हवेत एकेक मुक्काम जपून ठरवणाऱ्याला एवढा फरक जाणवतो.

तरीही रडारची मोजणी निर्दोष नाही. रडार तिरपे पाहते, त्यामुळे उभ्या कड्याच्या मागची घळ त्याच्या सावलीत राहते. तिथे मूळ माहितीत भोके पडली आणि ती नंतर इतर स्रोतांवरून भरली गेली. अरुंद घळींत समोच्च रेषा जरा जास्तच गुळगुळीत दिसल्या, तर हे लक्षात ठेवावे. डिजिटल नकाशात रस्ता एकीकडून आलेला आणि समोच्च रेषा दुसरीकडून, म्हणून कधी कधी रस्ता सरळ कड्यावर चढताना दिसतो.

तो रस्ता बहुधा ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या मुक्त नकाशातून आलेला असतो. इंटरनेटशिवाय चालणारी कितीतरी ॲप त्याच्यावरच उभी आहेत. स्वयंसेवक उपग्रहचित्रांवरून रेघा काढतात किंवा स्वतः फिरून आलेल्या मार्गाची नोंद भरतात, आणि या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोरे मैदानासारख्या सपाट, कोरड्या पठारावर चाकांचे अनेक समांतर माग उमटलेले असतात. आकाशातून त्यातला कोणताही माग रस्ता वाटू शकतो. या नकाशाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण असा की प्रत्येक रेघेचा इतिहास उघड असतो: ती कधी काढली, कितव्यांदा सुधारली, कशावरून काढली. छापील पत्रकाच्या समासात सर्वेक्षणाचे एकच वर्ष असते. इथे प्रत्येक रस्त्याचे वर्ष वेगळे पाहता येते. निघण्याच्या आठवडाभर आधी अवघड टप्प्यांपुरते तरी हे पाहावेच. सोबत युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची ताजी चित्रेही मोफत मिळतात. त्यांतील एक ठिपका जमिनीवरील दहा मीटरांचा असतो, त्यामुळे अरुंद रस्ता जेमतेम दिसतो, पण ढग नसतील तर कुंझुम खिंड बर्फाखाली आहे की मोकळी झाली, हे घरबसल्या कळते.

नकाशावरील नावांनी तर अनुभवी माणसेही फसतात. रिकाम्या प्रदेशात मोठी गावे नसली की छपाईत आणि ॲपमध्येही लहान नावांना जागा मिळते आणि ती मोठ्या अक्षरांत येतात. मनाली–लेह रस्त्यावरील सरचू, पांग, देब्रिंग ही नावे नकाशावर कोकणातल्या तालुक्याच्या गावाएवढी ठसठशीत दिसतात. प्रत्यक्षात तिथे मुख्यतः हंगामापुरते तंबू असतात, आणि थंडीत तेही नसतात. त्याच रस्त्यावरील तांदीच्या पेट्रोल पंपावर वर्षानुवर्षे एक पाटी होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. नकाशावर मात्र त्या टप्प्यात डझनभर नावे होती.

मोबाइलला तिथे बहुतेक वेळ रेंज नसते. जीपीएस फक्त ऐकण्याचे काम करते, त्याला रेंज लागत नाही. मात्र उपग्रहांच्या स्थानांची माहिती नेटवर्कवरून मिळत नसल्याने ती थेट उपग्रहांकडून हळूहळू घ्यावी लागते, आणि पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ मोबाइल मोकळ्या आकाशाखाली धरावा. नकाशाची संपूर्ण फाइल मनालीतच उतरवून घ्यावी आणि कागदी नकाशा जोडीला ठेवावा, कारण कडाक्याच्या थंडीत बॅटरी अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरते.

त्या कागदावर पेन्सिलीने एक गोष्ट स्वतः लिहायची असते, जी कोणत्याच छापील नकाशात नसते. ग्राम्फूहून बातालकडे, स्पीतीच्या वाटेवर, रस्त्यावरूनच नाले वाहतात. ते वितळत्या बर्फाचे असतात. रात्री वर सगळे गोठते, म्हणून पहाटे पाणी घोट्याएवढे असते, आणि ऊन चढले की दुपारपर्यंत तोच नाला मोटारसायकल ढकलून नेईल इतका फुगतो. नकाशावर दोन्ही वेळी तिथे एकच बारीक निळी रेघ असते. म्हणून छत्रूच्या किंवा बातालच्या ढाब्यावर बसलेल्या चालकाला विचारून प्रत्येक निळ्या रेघेशेजारी ती किती वाजेपर्यंत ओलांडता येते ते लिहून ठेवावे, आणि मुक्काम त्या वेळांवरून ठरवावा.