गुडघा दुखतोय, पण दोष खुब्यात

बडोद्यात मल्लखांब कुणाला समजावून सांगावा लागत नाही, ही जुम्मादादा व्यायाम मंदिराची पुण्याई. म्हणून इथल्या स्पोर्ट्स थेरपीच्या विद्यार्थ्यांना निदानाचा विचार शिकवताना उदाहरणही मल्लखांबाचंच घ्यावं. तेरा वर्षांचा मुलगा, अंगाने स्थूल. तीन आठवडे उजवा गुडघा दुखतोय, किंचित लंगडतो. पडल्याचं आठवत नाही.

वर्गाला एवढंच सांगून थांबायचं. प्रत्येकाने वहीत तीन शक्यता लिहायच्या, त्यांतली एक 'हुकली तर महागात पडेल' अशी. बहुतेक जण ऑसगुड-श्लॅटर लिहितात, म्हणजे वाढत्या वयात गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकाचा उंचवटा दुखावणारा विकार. या वयाच्या खेळाडूंत तो सर्रास आढळतो, त्यामुळे अंदाज वाईट नाही. तिथेच अडकून बसणं वाईट.

पुढची माहिती मागेल त्यालाच द्यावी, आणि मागताना 'या उत्तराने कुठली शक्यता बळावेल, कुठली मागे पडेल' हे वदवून घ्यावं. नडगीच्या वरच्या टोकाचा उंचवटा दाबला? दुखत नाही. म्हणजे ऑसगुड-श्लॅटर जवळजवळ बाद. गुडघ्याला सूज नाही, हालचाल पूर्ण आहे. आता कुणीतरी वरच्या सांध्याकडे वळायला हवं. मुलाला उताणं झोपवून खुब्यात पाय वाकवला की मांडी आपोआप बाहेर वळते. आत वळवू गेलं तर अडते, दुखते. मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या चकतीपाशी, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या थरापाशी, घसरल्याची ही ठळक खूण. खुब्याला आणि गुडघ्याला काही मज्जातंतू सामाईक असतात, म्हणून दोष वर आणि कळ खाली. इथे व्यायाम, शेक, मसाज सगळं बंद. पायावर भार द्यायचा नाही, आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. एक्स-रे दोन्ही खुब्यांचे लागतात, कारण दुसरी बाजूही घसरलेली असू शकते. उशीर झाला तर गोळा आणखी सरकतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती वाढते.

गोंधळलेला विद्यार्थी एकामागून एक दहा चाचण्या करत सुटतो. समजा, प्रत्येक चाचणी दहा निरोगी माणसांमागे एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते आणि चाचण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. मग निरोगी माणसातही दहापैकी एक तरी चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के! चाचणी करण्याआधी ती कशासाठी, हे ठरलेलंच हवं.

शिकवणाऱ्यांकडूनही चूक होते, आणि ती जास्त नुकसान करते. गुडघ्याचा धडा झाला की आठवडाभर उदाहरणं गुडघ्याचीच. मग मुलं रुग्णाकडे न बघता वेळापत्रकावरून निदान करतात. कंबर, खुबा, घोटा अशी सरमिसळ हवी. साध्या दुखण्यांचे रुग्णही भरपूर हवेत, नाहीतर प्रत्येक गुडघ्यामागे घसरलेला खुबाच दिसू लागेल.

एक्स-रे दाखवण्यापूर्वी वहीत आणखी एक ओळ लिहून घ्यावी: 'काय आढळलं असतं तर मी हे निदान सोडलं असतं?' ज्याची ती ओळ कोरी राहते, त्याच्याकडून तपासणी पहिल्यापासून पुन्हा करून घ्यावी.