तीन मैलांचा प्रवासी

‘खरा प्रवासी’ कुणाला म्हणायचं, हे ब्रिटिश पार्लमेंटने १८७४ साली इंग्लंड-वेल्ससाठी चक्क मैलांत ठरवून टाकलं. आदली रात्र जिथे काढली ते ठिकाण पबपासून रस्त्याने किमान ३ मैल लांब असेल, तर तो माणूस प्रवासी. रविवारी बंद वेळेत गावकऱ्याला दार लागलेलं असायचं, प्रवाशाला मात्र बिअर मिळायची. कायद्यात पळवाट ठेवली की तिथून पायवाट पडते. तशी ती पडलीच. स्कॉटलंडात तर १८५३पासून रविवारी पब पूर्ण बंद; फक्त हॉटेलात, तेही प्रवाशालाच. तिथे नोंदवहीत सही ठोकून ‘प्रवासी’ होण्याचा उद्योग १९६२पर्यंत चालू होता. इंग्लंडमधली सवलत १९२१च्या कायद्याने गेली.

पायी भटकायचं आणि वाटेत पबमध्ये टेकायचं, हा ब्रिटनमधला शिरस्ता आज निव्वळ मौजेचा वाटतो. पण त्यामागे एक जुना, बराच रुक्ष प्रश्न आहे: दारात आलेल्या माणसाला आत घ्यायला मालक बांधील आहे का?

आज सरसकट पब म्हणतात त्याच्या पूर्वी तीन वेगळ्या जाती होत्या. टॅव्हर्नमध्ये वाइन मिळे. गिऱ्हाईक शहरी आणि खिशाने बरं. एलहाऊस म्हणजे आपल्या भाषेत गुत्ता: घरी गाळलेली एल (बिअरचाच एक प्रकार), पुढच्या खोलीत दोन बाकं. १५५२पासून त्याला दोन न्यायाधीशांची परवानगी लागू लागली. १८३०मध्ये लोकांना जिनपासून सोडवायचं म्हणून सरकारने उलटं टोक गाठलं: कर भरणाऱ्या कुणीही वर्षाला २ गिनी (जुनं ब्रिटिश चलन) भरून घरात बिअर विकावी. हजारोंनी विकली. खेड्यातले कितीतरी पब राहत्या घरासारखे दिसतात, ते अशा घरांतूनच निघाले म्हणून.

तिसरी जात इनची. इथे खोली, जेवण, घोड्याला तबेला. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यानुसार जागा असेल, माणूस धड शुद्धीत असेल आणि पैसे देणार असेल, तर प्रवाशाला नाही म्हणायची मुभा इनच्या मालकाला नव्हती. मुक्कामात सामान गेलं तर भरपाईही त्याच्याच माथी. रात्रीचा रस्ता लुटारूंचा, तेव्हा ही सक्ती समजण्यासारखी आहे. २ ऑगस्ट १७८४ला ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी धावली आणि घोडे बदलण्याच्या टप्प्यांवर इन भरभराटीला आले. लंडनच्या साउथवर्कमधलं १६७७चं ‘जॉर्ज इन’ त्या दुनियेचा अवशेष. अंगणाकडे उघडणारे सज्जे असलेलं शहरात तेवढं एकच उरलंय. (जुनेपणाचे दावे मात्र जपून ऐकावेत. नॉटिंगहॅमच्या एका प्रसिद्ध पबच्या भिंतीवर ११८९ लिहिलंय. इमारत सतराव्या शतकातली आहे.) रेल्वे आली, घोडागाड्या संपल्या, तबेले ओस पडले. त्या रिकाम्या रस्त्यांवर पुढे सायकलवाले आले.

आणि त्यांच्याबरोबर भांडणं. १८९८मध्ये लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातल्या एका इनमध्ये पोचल्या. अंगात घोट्यापर्यंतच्या झग्याऐवजी ढगळ विजार. मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात घेतलं नाही, बाजूच्या बारच्या खोलीत बसा म्हटलं. सायकलस्वारांच्या संस्थेने खटला भरला आणि १८९९मध्ये तो हरला, कारण जेवण नाकारलं नव्हतं, फक्त खोली बदलली होती.

क्रिकेटच्या वाचकांना वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन ठाऊक असतील. १९४३मध्ये लंडनच्या एका हॉटेलने त्यांना काळे म्हणून राहू दिलं नाही. तेव्हा वंशभेदाविरुद्ध कायदाच नव्हता. मग आधार कशाचा घ्यायचा? शेकडो वर्षांच्या त्याच इन-मालकाच्या सक्तीचा! १९४४मध्ये ते जिंकले. भरपाई ५ गिनी.

हा आधार गुत्त्याच्या वंशातल्या पबला लागू नव्हता. म्हणूनच बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये साठच्या दशकातही ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना काही पबमध्ये लाउंजमध्ये येऊ देत नसत. साध्या बारमध्ये बसा म्हणत. पुन्हा तीच खोलीची युक्ती. तिथल्या इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स येऊन परिस्थिती बघून गेले. त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स कायद्याने पबमधला हा भेद बेकायदा ठरवला. पुढे त्याच भागात पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ उभे राहिले, बिअरबरोबर तंदुरी मिक्स ग्रिल देणारे. ब्रिटनच्या पबची यादी करताना ते सुटतात, हे मला खटकतं.

पायवाटांचीही तीच तऱ्हा. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले. पाच जणांना कैद झाली. १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९६५मध्ये, पुन्हा २४ एप्रिललाच, पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग खुला झाला: २६८ मैल. सुरुवात ईडेलच्या ‘ओल्ड नॅग्ज हेड’पाशी, शेवट स्कॉटलंडमधल्या कर्क येटमच्या ‘बॉर्डर हॉटेल’पाशी. दोन्ही टोकांना पब. मधे ५२८ मीटरवर ‘टॅन हिल’, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा. खाणकामगारांसाठीचा हा पब खाणी संपल्यावर चालणाऱ्यांवर तगला.

एक अडचण मात्र जुन्या भटक्यांना पक्की आठवते. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायची सक्ती झाली. युद्ध १९१८मध्ये संपलं. इंग्लंडमधली दुपारची बंदी (रविवार वगळता) १९८८ला उठली. तोवर डोंगर उतरायची वेळ घड्याळ ठरवायचं. तीननंतर पोचलात तर बाहेरच्या बाकावर बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्या.

आता अंतर मोजणारं कुणी नाही. अपवाद म्हणावा तर स्कॉटलंडमधल्या नॉयडार्टचा. तिथल्या इनव्हेरी गावाला बाहेरून मोटाररस्ताच नाही. ‘ओल्ड फोर्ज’ पबमध्ये जायचं तर मॅलेगहून बोट, नाहीतर डोंगरातून सुमारे १८ मैल पायपीट. २०२२मध्ये गावकऱ्यांनीच मिळून तो विकत घेतला.