दावालियो, व्हिक्तोर

दावालियो, व्हिक्तोर : (३१ जुलै १९३६ किंवा १९३९ – ६ डिसेंबर २०२३). व्हेनेझुएलाचे विख्यात बेसबॉलपटू. डावखुरे फलंदाज आणि प्रामुख्याने मध्यक्षेत्र सांभाळणारे आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरील भागातील क्षेत्ररक्षक). ‘वितिको’ या नावाने ते मायदेशात ओळखले जात. माराकाइबो सरोवराच्या पूर्व काठावरील काबिमास या तेलनगरीत त्यांचा जन्म झाला. त्यांचे थोरले बंधू पोंपेयो हे १९५३ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्स संघाकडून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (तेथील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) खेळले.

त्यांच्या जन्मवर्षाबाबत एकमत नाही. दिवस व महिना सर्वत्र सारखा आढळतो. वर्ष मात्र काही संदर्भांत १९३६, तर काहींत १९३९ असे दिले जाते. त्या काळी कॅरिबियन प्रदेशातील तरुण खेळाडूंचे वय करार करताना कमी सांगितले जाण्याचे प्रकार घडत, कारण वय जितके कमी तितका तो खेळाडू अमेरिकन संघाला अधिक किफायतशीर वाटे. हे ध्यानात घेता १९३६ हे वर्ष सहज डावलता येत नाही. उलट, १९३९ धरल्यास ते वयाच्या अठराव्या वर्षी मायदेशातील व्यावसायिक स्पर्धेत उतरले असे ठरते आणि तेही असंभाव्य नाही. प्रस्तुत नोंदीत पहिल्या मताकडे किंचित कल ठेवून दोन्ही वये दिली आहेत.

सिनसिनाटी रेड्स संघाच्या दुय्यम साखळीत ते मुळात पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून दाखल झाले. फलंदाजीची चमक दिसल्यावर त्यांना आउटफिल्डकडे वळवण्यात आले. पुढे क्लीव्हलंड संघाशी संलग्न असलेल्या जॅक्सनव्हिलकडून खेळताना त्यांनी १९६२ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम स्पर्धेत ०.३४६ अशी सर्वोच्च सरासरी नोंदवली. (बेसबॉलमधील सरासरी ही क्रिकेटप्रमाणे धावांची नसून, ग्राह्य धरलेल्या फलंदाजीच्या संधींपैकी किती संधींत यशस्वी फटका बसला याचे प्रमाण असते, ०.३०० च्या पुढील सरासरी उत्तम समजली जाते.)

१९६३ मध्ये क्लीव्हलंडकडून त्यांनी मेजर लीगमध्ये पदार्पण केले. त्याच मोसमात डेट्रॉइटचे डावखुरे पिचर हँक अगिरे यांचा चेंडू लागून त्यांचे हाड मोडले, तरी १९६४ मध्ये क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्यांनी मिळवला आणि १९६५ मध्ये ०.३०१ सरासरीने अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) तिसरे स्थान पटकावले. सेंट लुईस कार्डिनल्सकडून १९७० मध्ये बदली फलंदाज म्हणून त्यांनी २४ यशस्वी फटके मारले आणि डेव्ह फिली यांच्या १९६१ मधील विक्रमाशी बरोबरी केली. पिट्सबर्ग (१९७१) व ओकलंड (१९७३) या जगज्जेत्या संघांतही ते होते.

१९७४ मध्ये ओकलंडने त्यांना मुक्त केल्यानंतर ते मेक्सिकन लीगमध्ये खेळू लागले. या वयात मेजर लीगचे दार पुन्हा उघडणे दुर्मीळच. तरीही १९७७ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्यांना बोलावले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात नॅशनल लीगच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतील तिसऱ्या सामन्यात डॉजर्स ३-५ असे मागे असताना, नवव्या डावात दोन गडी बाद आणि तळांवर (धावताना गाठावयाच्या ठिकाणांवर) एकही खेळाडू नसताना, त्यांनी चेंडू बॅटने हलकेच ढकलून पहिला तळ गाठला. त्यापाठोपाठ संघातील सहकारी मानी मोता यांचा दुहेरी फटका (दुसऱ्या तळापर्यंत नेणारा) आला आणि डॉजर्सने सामना ६-५ असा जिंकला.

१९८० पर्यंतच्या मेजर लीगच्या १६ मोसमांत त्यांनी १,१२२ यशस्वी फटके मारले, सरासरी ०.२७९ होती. तेवढ्यावरून त्यांचे मोल करणे मात्र अपुरे ठरते. अमेरिकेतील मोसम संपल्यावर हिवाळ्यात खेळल्या जाणाऱ्या व्हेनेझुएलाच्या व्यावसायिक लीगमध्ये (स्थापना १९४५) ते १९५७-५८ पासून ३० हंगाम खेळले. तेथील हंगाम बराच आखूड असूनही त्यांचे १,५०५ फटके अमेरिकेतील आकड्याहून जास्त भरतात आणि हा त्या लीगचा विक्रम आहे. १९७९-८० च्या एकाच हंगामात, वयाच्या ४३ व्या (दुसऱ्या मतानुसार ४० व्या) वर्षी, त्यांनी १०० फटके मारले. लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.